चाळीस घरांतली पाहुणी

मी मोठी झाले ती चाळिशी जवळ आल्यावर. तोवर लग्नाला बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती, मुलगी पाचवीत होती, कॉलेजातली पोरं मला म्याडम म्हणून उठून उभी राहत होती, आणि मला वाटायचं की आपल्याला आता सगळं कळतं. ते कळणं कसं उतरलं, ते सांगायला हे प्रकरण. त्या काळात मी रोज दौंडहून एसटीनं शिरूरला जात होते, तिथल्या एका कॉलेजात व्यवसायोपचार शिकवत होते, आणि उरलेल्या वेळात, म्हणजे नसलेल्या वेळात, डॉक्टरेट करत होते. व्यवसायोपचार म्हणजे काय हे मला जन्मभर लोकांना समजावून सांगावं लागलं. मी कुठल्या तरी धंद्याचं शिक्षण देते असं मानणारे माझे दोन काका अजून हयात आहेत. गोष्ट साधी आहे. आजारानं किंवा अपघातानं माणसाच्या हातापायातलं बळ गेलं, की उरलेल्या बळावर त्याला त्याचं रोजचं जगणं परत करता यावं, आंघोळ, जेवण, गुंडी लावणं, भाकरी थापणं, याच्या मागे लागायचं. ते आमचं काम.

दौंडला आम्ही रेल्वे कॉलनीत राहायचो. क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढं तारेचं कुंपण आणि त्यावर चढवलेला दोडक्याचा वेल. स्टेशनातल्या घोषणा घरात इतक्या स्वच्छ ऐकू यायच्या की माझी मुलगी जुई बोलायला लागली तेव्हा आईबाबांच्या पाठोपाठ ‘यात्रीगण’ म्हणायला शिकली. मनमाडकडून आलेल्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, त्याचा खणखणाट झाला की घड्याळ बघायची गरज पडत नसे. माझा नवरा दिलीप सिग्नल खात्यात होता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे त्या घरचं स्वयंपाकघर होतं माझ्या सासऱ्यांचं, आप्पांचं. आप्पांची सगळी नोकरी रेल्वेच्या रनिंग रूममध्ये स्वयंपाकी म्हणून गेली. लांबून आलेले ड्रायव्हर आणि गार्ड पुढची गाडी मिळेपर्यंत जिथं जेवतात आणि झोपतात, ती जागा. कुठल्या ड्रायव्हरला आमटी तिखटजाळ लागते आणि कुणाला डाळीत गुळाचा खडा लागतो हे त्यांना पाठ होतं. त्यांची लसणाची फोडणी बसली की शेजारच्या क्वार्टरमधली माणसं काहीतरी निमित्त काढून आमच्या दारात यायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला साधं पिठलं जमत नव्हतं, त्यात नेहमी गुठळ्या व्हायच्या. पहिल्यांदा माझ्या हातचं पिठलं खाल्लं तेव्हा आप्पांनी ताटातलं सगळं संपवलं, हात धुतला आणि म्हणाले, “गाडी लेट हाय, पर येईल.”

मग एका सकाळी आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात खांद्यापासून लोंबायला लागला, बोलणं जड झालं. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं आणि मी कंबर कसली. ही माझीच विद्या होती. रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले, चालायला लावलं, बोटं एकेक करून सोडवली. ते काठी न घेता फाटकापर्यंत जायला लागले, उजवा हात थोडा वर जाऊ लागला, पण पकड अशी आलीच नाही. स्वयंपाकघरात मात्र मी त्यांना पाऊल टाकू दिलं नाही. गॅस, सुरी, उकळतं तेल, नको ते. पहाटे उठून मी सगळं करून ठेवायचे. आप्पांसाठी वेगळा डबा, पोळीचे लहान तुकडे केलेले, भाजी मऊ शिजवलेली, तेल आणि मीठ कमी, तिखट नाहीच, आणि झाकण सैल लावलेलं म्हणजे एका हातानं उघडेल. संध्याकाळी घरी आले की डबा रिकामा असायचा आणि मला भरून यायचं. आप्पांना मी तांब्यासुद्धा उचलू देत नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. कॉलनीतल्या सासवा त्यांच्या सुनांना माझा दाखला द्यायच्या आणि त्या सुना नळावर माझ्याकडे खाऊ की गिळू अशा बघायच्या. कॉलेजात मी फळ्यावर लिहून शिकवत होते की पेशंटच्या हातातलं काम काढून घेऊ नका. घरी आल्यावर ते वाक्य मला कधी आठवलं नाही. आज हसायला येतं, पण तेव्हा मी मनापासून प्रेमानंच करत होते, त्यात खोट नव्हती.

डॉक्टरेटचा विषयही याच्याच आसपासचा होता. अर्धांगवायू झालेली माणसं खेड्यातल्या घरात परत गेल्यावर रोजची कामं किती करतात आणि किती कामांत त्यांना दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं, हे मला बघायचं होतं. त्यासाठी मी एक फॉर्म तयार केला होता. परदेशी फॉर्ममध्ये काटा-चमचा आणि बाथटब असायचा. मी त्याच्या जागी भाकरी, चूल, कळशी, जनावराचं दावं असलं घातलं आणि फार मोठा तीर मारल्यासारखं वाटून घेतलं. प्रत्येक कामापुढे तीन रकाने होते, स्वतः करतात, थोडी मदत लागते, पूर्ण अवलंबून. फॉर्म नीट चालतो का ते बघायला सगळ्यात पहिला मी आप्पांवर भरला. ते घरचे, त्यामुळे प्रबंधात घेता येणार नव्हते, नुसता सराव म्हणून. फॉर्म कसा भरतात ते बघायला कॉलेजची दोन पोरंही बरोबर आली होती. कॉटवर बसून आप्पांनी मुकाट्यानं उत्तरं दिली. स्वयंपाकातल्या प्रत्येक कामाला ते म्हणाले, सगळं सूनबाई करती. मी तिसऱ्या रकान्यात खुणा करत गेले आणि मनातून सुखावले.

मग शिरूरच्या आजूबाजूची चाळीस घरं झाली. त्याला दोन वर्षं गेली. बरोबर दोन-तीन विद्यार्थी असायचे, त्यात बहुतेक वेळा कोमल. ही सणसवाडीची मुलगी. तिच्या वडिलांचं तिथं किराणा दुकान होतं आणि वर कारखान्यातल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. त्यामुळे तिला हिंदी, भोजपुरी, शिव्या, सगळं यायचं, आणि मनातलं तोंडावर यायला तिला वेळ लागत नसे. वर्गात ती मला अडवायची. मी चिडायचे आणि पुढच्या घरभेटीला पुन्हा तिलाच न्यायचे. जायची आमची रीत ठरलेली होती. आदल्या दिवशी फोन करायचा की उद्या अकराला येतोय. अकराला गेलं की सगळं तयार असायचं. सडा घातलेला, कॉटवर घडी मोडलेली नवी चादर, त्यावर पेशंट आंघोळ घालून, धुतलेल्या कपड्यांत बसवलेला. आम्हाला पाणी, चहा, बिस्किटं. मी फॉर्म काढायचे. घरची माणसं उत्साहानं सांगायची, पेशंट मान हलवायचा.

यातलं शेवटचं, हिराबाईंचं घर मला लख्ख आठवतं. शिरूरच्या अलीकडे, घोडनदीच्या अंगाला, मेथी-कोथिंबीर पिकवणारं घर. हिराबाई साठीच्या, उजवी बाजू गेलेली. त्या दिवशी त्यांना ठेवणीतलं लुगडं नेसवलं होतं, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा, कपाळाला ठसठशीत कुंकू. उजवा हात मांडीवर ठेवलेला. त्यांची सून मनीषा बशीत चहा ओतून सासूच्या ओठाला लावत होती आणि पदरानं तोंड पुसत होती. मी विचारलं, पाणी स्वतः घेतात का? मनीषा म्हणाली, न्हाई बाई, हाताला लागंल तसं आम्ही देतो. केस? मीच विंचरते. शेतातलं, भाजीचं काही काम? त्यावर ती जरा दुखावल्यासारखी म्हणाली, आता त्यास्नी कशाला कामं लावू. मी फॉर्म वरपासून खालपर्यंत तिसऱ्या रकान्यात भरला. निघताना मनीषानं आम्हाला मेथीच्या चार-चार जुड्या दिल्या, आणि त्या दोन मुठींएवढ्या जाड, ताज्या जुड्या पिशवीत घालताना त्या कुणी बांधल्या असतील असा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

चाळीस घरांतून एक स्वच्छ निष्कर्ष निघत होता. खेड्यातली कुटुंबं प्रेमापोटी पेशंटच्या हातून सगळी कामं काढून घेतात, त्यानं माणूस आणखी परावलंबी होतो, म्हणून कुटुंबांना शिकवलं पाहिजे. पुण्याला माझे मार्गदर्शक सर होते, मोजकं बोलणारे, लाल पेन खिशाला लावलेले. त्यांना पहिल्यांदाच माझं काही आवडलं. सहा वर्षं झाली होती, मुदत दोनदा वाढवून मिळाली होती, ही शेवटची. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, आणि सहा वर्षं मातीत. पण आता काळजी नव्हती. पाच प्रकरणं टाइप होऊन पडली होती, शेवटचं तेवढं राहिलं होतं. मी जुईला सांगून ठेवलं होतं की दिवाळीला आपण कुठंतरी फिरायला जाऊ.

आणि आम्ही हिराबाईंकडे गोनिओमीटर विसरलो. सांधा किती वाकतो ते मोजायची प्लॅस्टिकची पट्टी असते ती, फार मोठी वस्तू नव्हे, पण कॉलेजच्या यादीत होती. दुसऱ्या दिवशी कोमल कुणाच्या तरी गाडीवर बसून ती आणायला गेली. फोन न करता. दुपारी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. पट्टी टेबलावर ठेवली आणि जाईना. मी विचारलं, काय गं?

“म्याडम, हिराबाई मेथी बांधत होत्या.”

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. गोठ्याशेजारच्या छपरात सगळं घर मेथीच्या ढिगाभोवती बसलं होतं आणि मधोमध हिराबाई, जुनं लुगडं, पाय पसरून. उजवा लुळा हात त्या जुडीवर दगडासारखा ठेवायच्या, म्हणजे जुडी हलत नाही. डाव्या हातानं सुतळी फिरवायची, एक टोक दातात. कोमलनं मोजल्या नाहीत, पण मनीषापेक्षा त्यांच्या जुड्या फार मागं नव्हत्या. शेजारी तांब्या होता, तो त्या स्वतः उचलून पाणी प्यायल्या. कोमलला बघून मनीषा पांढरीफटक पडली. ती धावत फाटकापर्यंत आली आणि हात धरून म्हणाली, म्याडमला सांगू नका, त्यांना वाटंल आम्ही आजारी माणसाला राबवतो. काल तुम्ही येणार म्हणून त्यांना सकाळपासून कॉटवर बसवून ठेवलं होतं, तर सासूबाई किती बोलल्या मला.

मी कोमलवर भडकले. इतकी वर्षं जे शिकवलं तेच तिच्या तोंडावर फेकलं, एका घरावरून निष्कर्ष काढायचा नसतो. तिनं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, “म्याडम, आपल्याकडं पाहुणे येतात तवा आमच्या आजीलाबी गादीवर बसवतात. तुमच्याकडं न्हाई का?” मी तिला जायला सांगितलं. शेवटचा तास मी घेतला नाही, डोकं दुखतंय म्हणून दुपारची दौंडची गाडी धरली. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत खिडकीशी बसून मी स्वतःला पटवत होते की एक घर चुकलं असेल, चाळीस कशी चुकतील. त्या पुढे मी पटवणं सोडलं आणि नुसती रानातल्या उभ्या उसाकडे बघत बसले.

क्वार्टरच्या फाटकाशी आले तेव्हा फोडणीचा वास आला. लसूण, जिरं, लाल मिरची. मला वाटलं शेजारचा. दार उघडंच होतं. आत दिलीप ताट घेऊन बसला होता, सकाळची पाळी संपवून घरी आलेला. त्याच्यासमोर शिंदे मामा, आप्पांचे रेल्वेतले जुने दोस्त, माझा डबा उघडून माझी मऊ भाजी खात होते. आणि स्वयंपाकघरात आप्पा. डाव्या हातात पळी. ओट्यावर एक फळी होती, तिच्यातून खालून वर तीन खिळे ठोकलेले आणि त्या खिळ्यांवर कांदा रोवलेला, म्हणजे एका हातानं चिरता यावा. उजव्या हाताचा तळवा फळीच्या कडेवर टेकवलेला, फळी सरकू नये म्हणून. तसली खिळ्यांची फळी आमच्या कॉलेजच्या कपाटात होती, पुठ्ठ्याच्या खोक्यात, बाहेरून मागवलेली. दर वर्षी मी ती पोरांना खोक्यातून काढून दाखवायचे आणि परत ठेवून द्यायचे.

मी दारात उभी राहिले. दिलीपनं घास तसाच हातात धरला. आप्पांनी गॅस बारीक केला.

“कवापासून चाललंय हे?” मी विचारलं.

“तीन वर्सं झाली आसतील. फळी शिंदेनं केली. सिलिंडरच्या मागं ठिवतो.”

“आणि माझा डबा?”

“त्यो मामा खातो. त्याला साखर हाय, डॉक्टरनं बेचव खायला सांगितलंय.”

शिंदे मामांनी मान खाली घातली, पण खाणं थांबवलं नाही. मला रडू यायला हवं होतं की हसू, ते ठरेना. मी म्हटलं, मी फॉर्म भरला तेव्हा का नाही सांगितलंत? आप्पांनी पळी ठेवली, पंच्याला हात पुसला. “तू इचारलंस तवा तुझ्यासोबत कॉलेजची दोन पोरं व्हती. त्यांच्यासमोर काय सांगू, सून कामाला जाती आन् म्हातारा सैपाक करतो? तुझं नाव व्हायला पायजे का न्हाई.”

घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जुईसुद्धा शाळेतून आल्यावर वाटीभर आमटी पिऊन वाटी धुऊन ठेवायची. ठाऊक नव्हतं ते फक्त मला, आणि मी त्याच विषयात डॉक्टर होऊ घातले होते. त्या दुपारी मी आप्पांच्या हातची आमटी कित्येक वर्षांनी खाल्ली. दोनदा भात घेतला. जेवता जेवता मला माझ्या माहेरचं आठवलं, शिरूरजवळच्याच खेड्यातलं. पाहुणे यायचे म्हणून आम्हीही माझ्या आजारी आत्याला खाटेवर नीट बसवायचो आणि तिच्या हातातली लसणाची सुपली काढून घ्यायचो. पाहुणे गेले की तीच सुपली परत तिच्या हातात. ही आमचीच रीत होती. मी त्या रीतीत वाढले होते, आणि तरी फॉर्म घेऊन गेले ते पाहुणी होऊन, आदल्या दिवशी फोन करून.

दोन दिवसांनी सकाळच्या गाडीनं पुण्याला जाऊन मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी लाल पेन टेबलावर आडवं ठेवलं. म्हणाले, प्रबंध तयार आहे, ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या मथळ्याखाली एक परिच्छेद टाका, कुणी विचारणार नाही. ते वाईट सांगत नव्हते, व्यवहार सांगत होते. मी परिच्छेद लिहिलाही. दोन वेळा लिहिला. पण त्याच्या मागच्या पानावर माझ्या शिफारशी होत्या, आणि त्यात लिहिलं होतं की सुनांना शिकवलं पाहिजे. म्हणजे मनीषाला. जी सासूला मेथीच्या ढिगापाशी आपल्या शेजारी बसवत होती आणि मी विचारल्यावर माझा मान राखायला खोटं बोलली होती, तिला मी छापील पुस्तकात अडाणी ठरवणार होते. ते माझ्यानं होईना. मी सरांना फोन करून सांगितलं की मी घरं परत करते. ते म्हणाले, मुदत वाढणार नाही, दिवाळीच्या आधी आणा, नाहीतर आणू नका. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. दिवाळीला साडेतीन महिने होते.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी कोमलची माफी मागितली. पोरं अवघडून बसली, कोमल तर माझ्यापेक्षा जास्त. मग आम्ही ठरवलं. फोन करायचा, पण वेळ सांगायची नाही. जायचं आणि बसायचं नाही. आमच्या भागात बाई पाहुणी म्हणून येते आणि समोरच्या परातीतली भाजी निवडायला घेते, तेव्हा ती पाहुणी राहत नाही, घरातली होते, मग तिच्यासाठी कुणी चादर बदलत नाही. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकवायची गरजही नव्हती. शनिवार-रविवार, गणपतीची सुट्टी, मिळेल तो दिवस आम्ही मेथी बांधली, शेंगा फोडल्या, झेंडू तोडला, गोठे झाडले. कारखान्याच्या गावातली कोमल सुरुवातीला जुडी बांधायची ती सुतळीसकट सुटून यायची, आणि बायका तोंडावर पदर धरून हसायच्या. काम उरकलं की मी सगळं खरं सांगायचे, मागच्या वेळी काय लिहिलं ते वाचून दाखवायचे, आणि आज पाहिलं ते लिहू का म्हणून परवानगी घ्यायचे. कुणी दिली, कुणी हात जोडले. एका घरात सुनेनं फॉर्मच फाडला, आणि मला तिचं चुकलं असं वाटलं नाही.

हिराबाईंकडे गेले तेव्हा मनीषा माझ्याकडे बघेना. मी छपरात बसून जुड्या बांधायला घेतल्या. हिराबाईंनी माझी पहिली जुडी उचलली, हलवली आणि सोडून परत बांधली, दातात सुतळी धरून. काम संपल्यावर मी विचारलं की हे सगळं पुस्तकात लिहिलं तर चालेल का. त्यांचं बोलणं जड होतं, पण शब्द पुरे लागत होते.

“लिव्हा की. मी काय चोरी करत न्हाई. पर सुनंचं नाव खराब करू नका. मला कॉटवर जीव नकोसा हुतो, म्हणून ती मला हितं आणती.”

मनीषा तेव्हा उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा चहा घेऊन आली, दांडी तुटलेल्या कपांत. ते कप मी कधी विसरले नाही. पाहुण्यांचे कप कपाटात राहिले होते.

चाळीसपैकी सव्वीस घरं झाली. प्रबंध पातळ झाला, निष्कर्ष गुंतागुंतीचा झाला. काही घरांत माणसं खरोखरच पूर्ण अवलंबून होती, काही घरांत खरोखर राबवली जात होती, तेही लिहिलं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी कॉलेजातले विद्यार्थी झेरॉक्सच्या दुकानात माझ्यासोबत पानं लावत होते. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी चष्म्यावरून बघत एकच अवघड प्रश्न विचारला. भाजी निवडताना लोकांनी तुमच्यासमोर नाटक केलं नसेल कशावरून? मी म्हटलं, “मॅडम, चारला बाजाराचा टेम्पो येतो. तो थांबत नाही. टेम्पो यायच्या वेळेला घरात कुणालाच कॉटवर बसवून ठेवायला फुरसत नसते.” त्या हसल्या. सरांनी लाल पेन खिशातून काढून परत खिशात ठेवलं. त्यांच्यात तेवढ्याला शाबासकी म्हणतात, असं मला नंतर कळलं.

कोमल आज सणसवाडीतच कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेल्या कामगारांचे हात बघते. मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा आता दुखतो, आणि जुई आली की माझ्या हातातलं लाटणं काढून घेते. मी ते देऊन टाकते. ती गेली की पोळ्या करते.

पण मला सांगायचंय ते त्या तोंडी परीक्षेच्या संध्याकाळचं. घरी आले तर आप्पांनी स्वयंपाक मांडला होता, फळी उघडपणे ओट्यावर. कॉलनीतली माणसं पेढे खाऊन गेली. सगळे गेल्यावर मी पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला आणि ओट्यापाशी उभी राहिले. प्रबंध संपला होता, हा कुठंच जाणार नव्हता. तरी मला तो आप्पांचा जुना कागद तसाच ठेवायचा नव्हता. मी एकेक विचारत गेले. डाळ धुणं? स्वतः. फोडणी? स्वतः. चिरणं? त्यांनी फळीकडे हनुवटीनं दाखवलं, स्वतः. मी पहिल्या रकान्यात खुणा करत चालले. शेवटी राहिलं कांदा-लसूण सोलणं.

“ते सूनबाई करती, लिही,” आप्पा म्हणाले.

मी म्हटलं, आप्पा, खरं सांगा. इतकी वर्षं कोण सोलत होतं?

“मीच. सोलाय येतंय मला.” त्यांनी डाव्या हातानं टोपलीतले दोन कांदे माझ्याकडे सरकवले. “पर आता तू घरात हायेस तर तू सोल. येकट्यानं सोलताना वेळ जाता जात न्हाई.”

मी पेन हातात धरून जरा वेळ तीन रकाने बघत राहिले. मग फॉर्म आमटीचा शिंतोडा पडणार नाही इतका लांब ठेवला आणि कांदे घेऊन त्यांच्या शेजारी खाली बसले. बाहेर मनमाडच्या गाडीचं इंजिन काढत होते. आप्पांनी कान देऊन ऐकलं आणि आज वीस मिनिटं लेट आहे म्हणून सांगितलं.